तलाव आणि पिण्याचं पाणी राखू पाहणाऱ्या गटांचे वारंवार येणारे प्रश्न

आपल्या भागातला तलाव वाचवायला निघालेली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. जिथे दोन उत्तरांचा धागा जुळतो तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमचा तलाव हिरवागार पडलाय. काम कुठून सुरू करायचं?

तलावाकडे पाठ फिरवून. पाणी आत कुठून येतं ती सगळी तोंडं शोधा: ओढे, नाले, पावसाळी गटारं, एखादा विसरलेला पाइप. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि त्याच्या काठाने वर वर चालत जा. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी तलावात उतरतो ती सगळी जमीन म्हणजे तुमचं पाणलोट क्षेत्र, आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालतो.

ही फेरी दोनदा करावी. एकदा कोरड्या दिवशी, एकदा जोराच्या पावसात. अनेक दिवस पाऊस नसताना पावसाळी गटार वाहत असेल, तर त्यात बहुधा कुणाचं तरी सांडपाणी जोडलेलं असतं. वास आणि फेस पाहिला की अंदाज येतो. पावसात मात्र पाहायचं ते गढूळ पाणी नेमकं कुठल्या बांधकामावरून, कुठल्या उघड्या जमिनीवरून येतंय ते. बरेच गट आधी यंत्रं विकत घेतात आणि तोंडं शोधायचं काम नंतरवर टाकतात. उलटं करा.

२. आम्ही दर आठवड्याला काठावरचा कचरा उचलतो. त्याचा काही उपयोग नाही का?

आहे, पण वेगळा. प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे पक्ष्यांच्या, कासवांच्या जिवावर येतात, सांडवा तुंबतो, ते थांबतं. माणसं एकत्र येतात, हाही फायदाच. पण पाणी हिरवं करणारी द्रव्यं त्यात विरघळलेली असतात, ती पोत्यात भरता येत नाहीत. म्हणून जमलेल्यांपैकी दोघांना कचऱ्यातून मोकळं करून प्रश्न १ मधल्या तोंडांवर पाठवा.

कचऱ्यातली एक गोष्ट मात्र थेट हिरवेपणाशी जोडलेली आहे: पालापाचोळा आणि कापलेलं गवत. रस्त्याकडेला साचलेला पाला भिजला की त्यातली पोषकद्रव्यं पाण्याबरोबर गटारातून तलावात जातात. तो पावसाआधी झाडून काढणं हे दिसायला किरकोळ, पण खरोखर उपयोगाचं काम आहे.

३. पाणी हिरवं होतं म्हणजे नक्की काय होतं?

सूक्ष्म शेवाळ वाढतं. त्याला ऊन, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि गोड्या पाण्याच्या तलावांत बहुधा फॉस्फरसच कमी पडत असतो. तो मिळाला की वाढ सुटते. याचा सगळ्यात डोळ्यात भरणारा पुरावा कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला आहे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘लेक २२६’ या छोट्या तलावाच्या अरुंद भागात पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. ती बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. विमानातून काढलेल्या त्या एका छायाचित्राने ‘हिरवेपणाला जबाबदार कोणतं द्रव्य’ हा वाद बराचसा मिटवला.

फॉस्फरस येतो मैलापाण्यातून, खतातून, शेणामुताच्या ढिगांतून, काही साबणचुऱ्यांतून आणि वाहून आलेल्या मातीला चिकटून. काही तलावांत नायट्रोजनही तितकाच महत्त्वाचा ठरतो, पण हात कुठे घालायचा हे ठरवताना फॉस्फरसपासून सुरुवात करणं सहसा चुकत नाही.

४. आमच्या तलावात येणारं सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडतात. मग काळजीचं कारण नाही ना?

आहे. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की उत्तर जरा सविस्तर देतो.

नेहमीची प्रक्रिया सेंद्रिय घाण आणि रोगजंतू कमी करते. फॉस्फरस काढायला वेगळा टप्पा लागतो, आणि तो प्रत्येक केंद्रात नसतो. अमेरिकेतल्या सिॲटल शहराजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये नेमकं हेच घडलं. काठावरच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी त्यात सोडलं जाई. १९५५ मध्ये तिथे एक विशिष्ट तंतुमय नीलहरित शेवाळ सापडलं. युरोपातले काही तलाव बिघडण्याआधी त्यांत हेच शेवाळ दिसलं होतं, हे वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना माहीत होतं. पुढे काय होईल हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि नागरिकांनी ते मुद्दे उचलून घरोघरी नेले. १९५८ च्या मार्चमध्ये सगळ्या वस्त्यांची मिळून एक यंत्रणा उभारण्याचा प्रस्ताव मतदानात पडला. हद्दी बदलून तो सप्टेंबरमध्ये पुन्हा मांडला, तेव्हा संमत झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने तलावाबाहेर वळवलं. १९६४ च्या सुमारास पाण्यात जेमतेम पाऊण मीटर खोलवर दिसत होतं. वळवण्याचं काम संपलं तेव्हा तीन मीटरच्या आसपास दिसू लागलं.

ते पाणी समुद्रात सोडलं गेलं, हे विसरू नये. प्रत्येकाच्या शेजारी खोल समुद्र नसतो, आणि असला तरी आज ती पहिली निवड नसावी. त्यामुळे केंद्राला विचारायचा प्रश्न असा: बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण फॉस्फरस किती? लिटरला १ मिलिग्रॅम हा आकडा ऐकून बरं वाटतं, पण तलावाच्या पाण्यात ०.०३५ मिलिग्रॅमच्या वर गेला की तो तलाव अतिपोषित, म्हणजे पोषकद्रव्यं जास्त झालेला, धरतात. म्हणजे ते ‘शुद्ध’ पाणी सुमारे २८ पट जास्त फॉस्फरस घेऊन येतंय. तलाव मोठा असेल, पाणी झपाट्याने बदलत असेल तर पचतं; लहान, साचलेल्या तलावात नाही.

५. प्रयोगशाळा नसताना आम्ही काय मोजू शकतो?

पारदर्शकता. त्यासाठी सेकी चकती वापरतात. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रात पांढऱ्या चकत्या सोडून हे मोजमाप केलं होतं. आज तलावांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आलटून पालटून काळी-पांढरी रंगवलेली चकती असते. ती घरी बनवता येते: खाली वजन, वर न ताणणारी दोरी, दोरीवर दर १० सेंटिमीटरला खूण. होडीच्या सावलीच्या बाजूने, काळा चष्मा न लावता, चकती दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडायची, मग दिसेपर्यंत वर घ्यायची. दोन आकड्यांची सरासरी हे तुमचं वाचन.

जागा तीच, शक्यतो सर्वांत खोल. वेळ दुपारच्या आगेमागे. तारीख, हवा, वारा, आदल्या दिवसांचा पाऊस, पाण्याचा रंग हे सगळं वहीत. एकटं जाऊ नका, आणि जीवरक्षक जाकीट घालाच. एका वाचनाला फारसा अर्थ नसतो. पाच वर्षांच्या वहीला अधिकारीसुद्धा सहज बाजूला सारू शकत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्यात स्वयंसेवक १९७१ पासून हेच करत आले आहेत.

६. पाणी आरसपानी दिसतंय. मग ते पिण्यासारखं असणार ना?

नाही. तलाव निरोगी असणं आणि पाणी पिण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की गट चुकीच्या गोष्टीवर भांडत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा मैल्यातून येणारा जिवाणू अजिबात सापडता कामा नये. नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड १.५ च्या आत, आर्सेनिक ०.०१ च्या आत हवं. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही.

क्लोरीनवरही सगळा भार टाकू नये. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिशिगन सरोवरातून घेतलेलं, शुद्धीकरण केंद्रातून गेलेलं पाणी पिऊन अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, आणि त्या दिवसांत केंद्रातलं गाळण कमी पडलं होतं. म्हणूनच आधी स्रोत स्वच्छ, मग गाळण, मग क्लोरीन, अशी एकामागे एक बंदोबस्ताची रांग लागते.

प्राथमिक तपासणीला हायड्रोजन सल्फाइडची बाटली उपयोगी पडते: नमुना भरून उबदार जागी ठेवायचा, काळा पडला तर मैल्याचा संशय. तो संशयच, निकाल प्रयोगशाळेचा. जमिनीतल्या काही पाण्यात गंधकाची संयुगं मुळातच असतात, तिथे ही बाटली फसवते.

७. उकळलं की सगळं निर्धोक होतं, बरोबर?

जंतूंच्या बाबतीत हो. खळखळून उकळी आली की पुरतं. रसायनांच्या बाबतीत मात्र उलट: वाफ जाते, नायट्रेट आणि आर्सेनिक मागे राहतात, म्हणजे प्रमाण थोडं वाढतंच. नीलहरित शेवाळाची विषंही उकळून जात नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवराचं पाणी पिणाऱ्या, अमेरिकेतल्या टोलेडो परिसरातल्या सुमारे ५ लाख लोकांना ‘पिऊ नका, उकळूही नका’ असा इशारा द्यावा लागला. तुमच्याकडे पाण्याबद्दल इशारा आला तर कारण जंतूंचं की रसायनाचं, हे आधी विचारा.

८. विषारी शेवाळ ओळखायचं कसं?

नुसतं बघून विष आहे की नाही हे कळत नाही. नीलहरित शेवाळ आहे का, एवढा अंदाज बांधता येतो. पृष्ठभागावर हिरवा तेलरंग ओतल्यासारखी साय, वाऱ्याने एका काठाला ढकललेली, कुजकट वास. हातमोजे घालून काचेच्या बरणीत नमुना घ्या, झाकण घट्ट न लावता काही तास स्थिर ठेवा. हिरवं वर तरंगून आलं तर नीलहरित असण्याची शक्यता जास्त, कारण त्याच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात. खाली बसलं तर बहुधा दुसरं काही. काडीला लांब केसांसारखे धागे लागले तर ते तंतुमय शेवाळ.

शंका असेल तोवर मुलांना आणि जनावरांना त्या काठापासून दूर ठेवा. सायीच्या जागी विषाचं प्रमाण तलावाच्या मध्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतं, आणि जनावरं नेमकं काठावरचंच पाणी पितात.

९. मोरचूद टाकला तर शेवाळ दोन दिवसांत मरतं असं ऐकलं. टाकू का?

स्वतःहून मुळीच नको. शेवाळ मरतं, पण पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात सुटतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर पाणीपुरवठ्याच्या जलाशयात दाट शेवाळ झालं म्हणून मोरचूद टाकला. त्यानंतर काही दिवसांत १४० हून अधिक लोक आजारी पडले, त्यात बहुतेक मुलं होती. मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायूही खातं (प्रश्न १३), आणि तांबं गाळात साठून राहतं.

१०. जलपर्णी काढून संपत नाही. काय करावं? आणि बाकीच्या वनस्पतीही काढायच्या का?

दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली ही वनस्पती अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे अर्धी काढून थांबलात, तर पंधरवड्यात पुन्हा तिथेच. पसारा लहान असतानाच पूर्ण काढणं आणि नंतर दर आठवड्याला काठ धुंडाळणं, एवढंच चालतं. बिया तळाशी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. काढलेला ढीग काठावर सोडू नका. कुजून त्यातला फॉस्फरस परत पाण्यात येतो. तिच्यावर जगणारे नियोसेटिना जातीचे भुंगेरे व्हिक्टोरिया सरोवरात वापरले गेले, पण तसं काही करणं हे तज्ज्ञांचं आणि सरकारी परवानगीचं काम.

बाकीच्या वनस्पतींना हात लावताना दहादा विचार करा. उथळ तलावात पाण्याखाली वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती गाळ धरून ठेवतात आणि शेवाळ खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना आसरा देतात. ‘तळं साफ’ करायच्या उत्साहात त्या उपटल्या की स्वच्छ तलाव एका हंगामात हिरवा होऊ शकतो. काठावरचं गवत, लव्हाळी काढून दगडी भिंत बांधणं ही त्याच जातीची सुधारणा.

११. कारंजी, जिवाणूंची द्रावणं, तरंगते वाफे: यातलं काय घ्यावं?

घाई असेल तर काहीच नको. कारंजं थोडा प्राणवायू देतं, फॉस्फरस काढत नाही. तरंगते वाफे थोडीफार पोषकद्रव्यं शोषतात, पण झाडं वेळोवेळी कापून बाहेर नेली तरच, आणि परिणाम दिसायला तलावाचा बराच भाग व्यापावा लागतो. द्रावण विकणाऱ्याला एकच विचारा: पाण्यातला फॉस्फरस शेवटी कुठे गेला? तो नाहीसा होत नाही. गाळात जातो, वनस्पतीत जातो किंवा सांडव्यावरून बाहेर जातो. उत्तर अडखळलं तर पैसे प्रश्न १ मधल्या तोंडांवर खर्च करा.

१२. गाळ काढून तलाव खोल करावा का?

आत येणारी घाण थांबली असेल तरच. स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावात सांडपाणी १९५०च्या दशकाच्या शेवटी बंद झालं, तरी तलाव सुधारेना, कारण तळाचा काळा गाळ साठवलेला फॉस्फरस सोडत राहिला. १९७० आणि १९७१ मध्ये तो वरचा थर शोषून काढला आणि पाणी सुधारलं. क्रम लक्षात घ्या: आधी तोंड बंद, मग गाळ.

गाळ काढण्याआधी त्याची जड धातूंसाठी तपासणी करा, तो कुठे टाकणार ते ठरवा, आणि किती खोल जायचं याची मर्यादा लिहून घ्या. तळाचा चिकणमातीचा थर फोडला तर तलाव पाणी धरेनासा होतो. उताराच्या काठांऐवजी उभ्या कडा कापल्या तर काठच्या वनस्पतीही गेल्या आणि बुडण्याचा धोका वाढला.

१३. पहाटे मासे मरून तरंगत होते. कुणी विष टाकलं असेल का?

असू शकतं, पण आधी प्राणवायूचा संशय घ्या. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री वापरतं. त्यामुळे पातळी सूर्योदयाआधी सर्वांत खाली असते. सलग ढगाळ दिवस, साचलेली गटारं धुऊन आणणारा पहिला पाऊस, अचानक मेलेलं शेवाळ ही नेहमीची कारणं. मासे वर येऊन तोंडाने हवा घेत होते, आणि मोठे मासे आधी मेले, तर प्राणवायू कमी पडल्याची शक्यता बळावते. भर दुपारी, सगळ्या आकाराचे मासे, बेडूक आणि किडेही एकदम मेले असतील तर तपास यंत्रणेला लगेच बोलवा. दोन्ही वेळी मेलेले मासे खाऊ नका, आणि पाण्याचा नमुना तेव्हाच घ्या. दुपारपर्यंत पुरावा निघून जातो.

१४. आम्ही विहिरीचं पाणी पितो. तलावाशी आमचा काय संबंध?

काठाजवळच्या विहिरी आणि तलाव बहुधा एकमेकांना पाणी देत-घेत असतात. शिवाय विहिरीचं स्वतःचं पाणलोट क्षेत्र असतंच. मे २००० मध्ये ऑन्टारिओतल्या वॉकरटन गावात जोराच्या पावसाने जवळच्या शेतातलं शेणखत गावाच्या उथळ विहिरीत उतरलं. क्लोरीन पुरेसं पडत नव्हतं, नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. ७ माणसं गेली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. विहिरीचं तोंड उंच आणि बंद, भोवती पाणी साचू न देणारा उतार, शौचखड्डा आणि शेणखत लांब, आणि मोठ्या पावसानंतर तपासणी.

१५. वरच्या भागातले शेतकरी आम्हाला शत्रू समजतात. संवाद कसा करायचा?

कदाचित तुम्ही पहिल्या भेटीत फलक घेऊन गेला असाल. न्यूयॉर्क शहराचं बहुतांश पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतल्या खोऱ्यांतून येतं. शहराने जेव्हा तिथल्या जमीनवापरावर कडक नियम लादायचा मसुदा काढला, तेव्हा वरच्या लोकांनी जोरात विरोध केला. मग बऱ्याच वाटाघाटींनंतर १९९७ मध्ये करार झाला: शौचटाक्यांची दुरुस्ती, शेणखत साठवायची सोय, ओढ्याकाठी कुंपण, यांचा खर्च शहराने उचलायचा, जमीन फक्त राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घ्यायची. अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प त्यामुळे टळला.

तुमच्याकडे शहराची तिजोरी नसेल, पण सूत्र लागू पडतं. पाणी खालचा पितो आणि बंधनं वरचा सोसतो, तर खर्चाचा वाटा खालच्याने घ्यावा. माती तपासून गरजेपुरतंच खत, मोठ्या पावसाआधी खत न टाकणं, ओढ्याकाठी गवताचा पट्टा: यातल्या पहिल्या दोन गोष्टींत शेतकऱ्याचेही पैसे वाचतात. बोलणं तिथून सुरू करा.

१६. डास आणि शेवाळ कमी करायला बाहेरचे मासे सोडू का?

नका सोडू. डासांच्या अळ्या खाणारा गॅम्बुसिया शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणीही फस्त करतो. गवत्या मासा वनस्पती खातो, आणि मग प्रश्न १० मधलं सगळं ओढवतं. एकदा सोडलेला मासा परत काढता येत नाही.

१७. सगळी तोंडं बंद केली, तरी तीन वर्षांनी पाणी हिरवंच. आम्ही हरलो का?

तीन वर्षं कमी आहेत. तळाचा गाळ साठवलेला फॉस्फरस सोडत राहतो, विशेषतः तळाशी प्राणवायू संपतो तेव्हा. बाहेरचा भार कमी झाल्यावर नवा तोल साधायला कित्येक तलावांना १० ते १५ वर्षं लागली आहेत. दरम्यान सुधारणेची लहान चिन्हं शोधा: हिरवेपणाचे आठवडे कमी झाले का, वर्षातलं सर्वांत वाईट सेकी वाचन थोडं तरी सुधारलं का. काहीच हललं नसेल तर एखादं तोंड सुटलं आहे का ते पाहा, आणि मग प्रश्न १२.

१८. आमच्या चाचणीत दूषित पाणी निघालं. लगेच जाहीर करायचं का?

पाणी कोण पितं यावर अवलंबून. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात ई. कोलाय सापडला, तर दुसऱ्या चाचणीची वाट पाहू नका: पुरवठा यंत्रणेला आणि पिणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा, पाणी उकळायला सांगा आणि पुन्हा नमुना घ्या. रसायन असेल तर ‘उकळा’ म्हणू नका (प्रश्न ७); दुसरं पाणी वापरायला सांगा. तलावातलं वाचन असेल तर आधी खात्री करा. त्याच जागेचे दोन नमुने, निर्जंतुक बाटली, बर्फाच्या पेटीत, शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत.

जाहीर करताना तारीख, वेळ, जागा, पद्धत आणि आकडा द्या. ‘अमक्या कारखान्याने सोडलं’ असं लिहू नका. ‘३ क्रमांकाच्या तोंडाच्या वर इतकं, खाली इतकं’ असं लिहा. एखाद्या घरच्या विहिरीचा निकाल त्या घराला द्या, गावभर नको. शेजारच्या विहिरींनाही धोका दिसला तर त्या घरांना वेगळं सांगा. आणि चांगले निकालही त्याच जागी, त्याच नियमाने लावत राहा, नाहीतर तुम्ही फक्त वाईटच तेवढं सांगता असा समज होतो आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे कुणी बघत नाही.